डिजिटल एसएटी: ॲप झकास, स्कोअर रिपोर्ट कंजूष

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी कॉलेज बोर्ड जी एसएटी घेतं, ती आता खास सवलतीचे विद्यार्थी सोडले तर कागदावर होत नाही. अमेरिकेबाहेर मार्च २०२३ पासून आणि अमेरिकेत मार्च २०२४ पासून ती ब्लूबुक नावाच्या ॲपवर आली. २०२४-२५ च्या सत्रात फी ६८ डॉलर होती, अमेरिकेबाहेरच्या केंद्रावर बसणाऱ्याला वर ४३ डॉलर. या पैशांत २ तास १४ मिनिटांची परीक्षा मिळते, ९८ प्रश्न, मध्ये १० मिनिटांची सुट्टी आणि शेवटी ४०० ते १६०० च्या मधला एक आकडा. परीक्षेचं यंत्र, सरावाचं साहित्य आणि तो आकडा, अशा तीन वस्तू आपण एकत्र विकत घेतो असं धरलं, तर पहिल्या दोन उत्तम आहेत. तिसरीला लोक तिच्या कुवतीपेक्षा फार जास्त भाव देतात, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

आधी ॲप. ब्लूबुक विंडोज, मॅक, आयपॅड आणि शाळेच्या नियंत्रणातल्या क्रोमबुकवर चालतं, फोनवर नाही. परीक्षेच्या ५ दिवस आधीपासून ॲपमध्ये ‘एक्झाम सेटअप’ करता येतो. त्यात पेपर लॉक होऊन मशीनवर उतरतो आणि प्रवेशपत्र तयार होतं. हे काम शेवटच्या रात्रीवर टाकू नये, कारण अडचणी नेमक्या याच पायरीवर येतात: ऑपरेटिंग सिस्टीम जुनी, डिस्कवर जागा नाही, मशीन शाळेचं असल्यामुळे इन्स्टॉल करायचा हक्कच नाही. मागे चालू असलेली बाकीची ॲप ब्लूबुक बंद करायला लावतं. आपोआप येणारे सिस्टीम अपडेट दोन दिवस आधीच उरकून टाकलेले बरे. चार्जिंग तीन-चार तास टिकेल असं हवं. प्रत्येक बाकाजवळ प्लग असेल या भरवशावर जाऊ नये.

यंत्र म्हणून त्याची सगळ्यात चांगली गोष्ट अशी, की परीक्षा चालू असताना इंटरनेट गेलं तरी काही अडत नाही. नेट लागतं ते सुरुवातीला आणि शेवटी उत्तरं पाठवताना. मधली सगळी उत्तरं मशीनवरच साठतात. बॅटरी संपून लॅपटॉप बंद पडला, तर चार्जर लावून पुन्हा सुरू करायचा, ॲप होतं तिथूनच पुढे जातं. शेवटी उत्तरं गेली नाहीत, तर मशीन तसंच बंद करून घरी जाऊन विसरून जायचं नाही. नेट मिळाल्यावर ब्लूबुक पुन्हा उघडून ती पाठवावी लागतात.

पडद्यावरची साधनं कामाची आहेत: पर्याय खोडायचं बटण, प्रश्नावर खूण ठेवायची सोय, उताऱ्यावर हायलाइट आणि टीप, गणितात सूत्रांचा तक्ता. घड्याळ लपवता येतं, पण शेवटची पाच मिनिटं राहिली की ते पुन्हा दिसायला लागतं. पर्याय खोडायचं बटण आधी चालू करावं लागतं, हे कित्येकांना परीक्षेच्या दिवशी कळतं. कच्चं काम केंद्रावर मिळणाऱ्या कागदावरच करायचं, स्वतःचा कागद नेता येत नाही. ओळखपत्र प्रत्यक्ष हातात हवं, फोनमधला फोटो चालत नाही.

आता परीक्षेची रचना, कारण निम्मे गैरसमज इथले आहेत. दोन सेक्शन: रीडिंग अँड रायटिंग आणि मॅथ. प्रत्येकाची दोन मॉड्यूल. रीडिंगच्या प्रत्येक मॉड्यूलला २७ प्रश्न आणि ३२ मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला साधारण ७१ सेकंद. मॅथच्या प्रत्येक मॉड्यूलला २२ प्रश्न आणि ३५ मिनिटं, म्हणजे साधारण ९५ सेकंद. पहिलं मॉड्यूल सगळ्यांना मिश्र काठिण्याचं येतं. त्यात काय केलं त्यावर दुसरं सोपं येणार की कठीण, हे ॲप ठरवतं. सोप्या वाटेला लागलात की त्या सेक्शनचा वरच्या टोकाचा स्कोअर हातचा गेला, पुढचे सगळे प्रश्न बरोबर आले तरी. कितीला रेषा ओलांडते ते कॉलेज बोर्ड जाहीर करत नाही. त्यामुळे ‘इतके बरोबर आले की कठीण मॉड्यूल मिळतं’ असे जे आकडे छातीठोकपणे सांगितले जातात, ते अंदाजच.

व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. पहिल्या मॉड्यूलमध्ये घाईत केलेली चूक सगळ्यात महाग. मॉड्यूलची वेळ संपली की मागे जाता येत नाही, आणि लवकर संपलं म्हणून पुढेही जाता येत नाही. वेळ सरेपर्यंत तिथेच बसावं लागतं. तेव्हा उरलेली मिनिटं खूण ठेवलेल्या प्रश्नांवरच घालवायची. दुसरं मॉड्यूल सोपं वाटलं की काहींचा धीर सुटतो. त्यातून निष्कर्ष काढायच्या भानगडीत पडू नये, कारण नीट तयारी केलेल्याला कठीण मॉड्यूलही सोपं वाटू शकतं.

प्रत्येक मॉड्यूलमध्ये दोन प्रश्न असे असतात ज्यांचे गुण धरलेच जात नाहीत. पुढच्या पेपरसाठी ते तपासले जात असतात. कुठले ते कळत नाही. एखादा प्रश्न भलताच विचित्र वाटला की ‘हा त्यातलाच असणार’ म्हणून सोडून देण्याची फॅशन आहे. तो त्यातला नसला तर गुण गेले, आणि हे कधीच कळणारही नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे रिकामं काहीच ठेवायचं नाही. स्कोअर नुसत्या बरोबर उत्तरांच्या मोजणीवर निघत नाही. कुठले प्रश्न बरोबर आले, ते किती कठीण होते, उत्तरांच्या नमुन्यावरून अंदाजपंचे मारल्याची शक्यता किती, हे सगळं त्यात धरलं जातं. म्हणून एकाच पेपरमध्ये तितकेच प्रश्न बरोबर आलेल्या दोघांचे स्कोअर वेगळे निघू शकतात. यात गोंधळून जाण्यासारखं काही नाही, पण ‘किती चुका म्हणजे किती गुण’ असा पक्का तक्ता मागणाऱ्यांची निराशा होते.

रीडिंग अँड रायटिंगमध्ये लांबलचक उतारे गेले. २५ ते १५० शब्दांचा तुकडा आणि त्यावर एकच प्रश्न. हा बदल उत्तम, कारण एक उतारा डोक्यावरून गेला तर एकच प्रश्न जातो, पूर्वीसारखे दहा नाहीत. प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो: आधी शब्दार्थ आणि उताऱ्याची मांडणी, मग आशय आणि पुरावा, मग व्याकरण आणि विरामचिन्हं, शेवटी जोडशब्द आणि टिपणांवरचे प्रश्न. काठिण्य या प्रत्येक गटात हळूहळू चढतं, पूर्ण मॉड्यूलभर नाही. म्हणजे विसावा प्रश्न बाराव्यापेक्षा सोपा असू शकतो. वेळ कमी पडणाऱ्याचं नुकसान इथे होतं. तो मधल्या आशयाच्या कठीण प्रश्नांत अडकतो आणि शेवटचे सहा-सात, जे प्रत्येकी ४० सेकंदांत होण्यासारखे असतात, ते घाईत टिकमार्क करतो. उपाय असा, की मधल्या गटातल्या ज्या प्रश्नाला दीड मिनिट होऊन गेलं त्याला काहीतरी उत्तर द्यायचं, खूण ठेवायची आणि पुढे सरकायचं. काही जण व्याकरणापासून सुरुवात करून मग पहिल्या प्रश्नाकडे येतात. सरावात जमत असेल तर तेही चांगलं.

एक विरामचिन्हाचा प्रश्न जवळून बघू. उताऱ्यात दोन पूर्ण वाक्यं, मध्ये ‘हाउएव्हर’. चार पर्यायांत शब्द तेच, फक्त चिन्हं वेगळी. बहुतेकांना एक नियम पाठ असतो: हाउएव्हरच्या आधी अर्धविराम, नंतर स्वल्पविराम. सोप्या प्रश्नात तो चालतो. कठीण प्रश्नात डाव असा असतो, की पहिल्या वाक्याचा विरोध दुसऱ्याशी नसून त्या दोघांच्याही आधी येऊन गेलेल्या वाक्याशी असतो. अशा वेळी हाउएव्हर पहिल्या वाक्याच्या शेपटाला लागतं. त्याच्या आधी स्वल्पविराम आणि नंतर अर्धविराम येतो. चिन्हाकडे बघून हे कळत नाही, आधीचं वाक्य वाचावं लागतं. ‘रिकाम्या जागेचंच वाक्य वाचा, वेळ वाचेल’ हा सल्ला इथे आपटतो. दुसरी एक युक्ती मात्र नेहमी कामाची: दोन पर्यायांत फरक फक्त पूर्णविराम आणि अर्धविरामाचा असेल आणि बाकी सगळं तेच असेल, तर दोन्ही खोडून टाकायचे. दोघांचं काम एकच, आणि बरोबर उत्तर एकच असतं.

टिपणांवरच्या प्रश्नात एका विद्यार्थ्याची टिपणं ठिपके देऊन लिहिलेली असतात आणि खाली त्याचा हेतू: दोन गोष्टींतलं साम्य दाखवायचंय, किंवा अनोळखी वाचकाला विषय सांगायचाय. चारही पर्याय टिपणांप्रमाणे खरेच असतात. त्यामुळे टिपणं वाचण्यात वेळ घालवायचाच नाही. हेतू वाचायचा, चार पर्यायांतला तो हेतू साधणारा उचलायचा, शंका असेल तरच वर बघायचं.

मॅथमध्ये बीजगणित आणि पुढचं गणित मिळून साधारण ७० टक्के प्रश्न, बाकीचे प्रमाण-टक्के-आकडेवारी आणि भूमिती-त्रिकोणमिती. इथला खरा माल म्हणजे पडद्यात बसवलेला डेस्मॉस आलेखयंत्र. दोन्ही मॉड्यूलमध्ये सगळ्या प्रश्नांना तो वापरता येतो. स्वतःचा कॅल्क्युलेटरही नेता येतो, पण बैजिक राशी आपोआप सोडवणारी मॉडेल्स आता बंद आहेत. डेस्मॉस हाताशी असताना वेगळं यंत्र नेण्यात फारसा अर्थही उरत नाही.

उदाहरण घ्या. y = x² − 4x + 7 हा अन्वस्त आणि y = 2x + k ही रेषा एकाच बिंदूत मिळतात, तर k किती? हाताने करायचं तर दोन्ही समान मांडून x² − 6x + (7 − k) = 0, विवेचक शून्य, म्हणजे 36 − 28 + 4k = 0, k = −2. डेस्मॉसमध्ये दोन्ही समीकरणं जशीच्या तशी टंकायची, k साठी स्लायडर येतो, तो सरकवत रेषा अन्वस्ताला टेकेपर्यंत न्यायचा. −2 वर टेकते. पंधरा-वीस सेकंदांचं काम. फसतं कुठे? स्लायडर ठरावीक टप्प्यांनी सरकतो. उत्तर −2.25 असतं तर स्लायडर त्याच्या आजूबाजूने गेला असता, आणि दुरून पाहिलेला आलेख ‘टेकल्यासारखा’ दिसला असता. k = −1.9 ला रेषा अन्वस्ताला दोन ठिकाणी छेदते, पण आलेख लहान असेल तर ते दोन बिंदू एकच वाटतात. म्हणून छेदनबिंदूवर क्लिक करून राखाडी ठिपके मोजायचे, आणि उत्तर स्वतः लिहायचं असेल तर विवेचकच वापरायचा. पर्याय दिलेले असतील तर स्लायडर बेलाशक.

सारणी देऊन रेषेचं समीकरण विचारलं, तर डेस्मॉसमध्ये सारणी भरून y₁ ~ mx₁ + b असं लिहिलं की m आणि b आयते मिळतात. मधलं चिन्ह बरोबरीचं नाही, तरंगाचं आहे. बरोबरीचं टाकलं की काहीच मिळत नाही आणि यंत्र बिघडलं असं वाटतं. त्रिकोणमितीला हात घालण्यापूर्वी पान्याच्या चिन्हावर जाऊन कोन अंशात आहे की रेडियनमध्ये ते बघायचं. उलट बाजूनेही सांगायला हवं: शब्दांत मांडलेल्या उदाहरणाचं समीकरण डेस्मॉस करून देत नाही, आणि कठीण मॉड्यूलमध्ये अक्षरं जास्त आणि आकडे कमी असलेले प्रश्न येतात. तिथे कागद-पेन्सिलच लागते. ‘सगळं डेस्मॉसवर’ या पंथाचे लोक बहुधा तिथेच अडकतात.

मॅथचे साधारण एक चतुर्थांश प्रश्न पर्यायांशिवाय असतात, उत्तर टंकावं लागतं. खाचाखोचा लक्षात ठेवा. धन उत्तराला पाच खुणा, ऋण उत्तराला उणे धरून सहा. साडेतीन लिहायचं तर 3.5 किंवा 7/2. पूर्णांक आणि अपूर्णांक शेजारी लिहिला तर 31/2 असा वाचला जातो. 2/3 हे 2/3, .6666, .6667, 0.666 किंवा 0.667 असं चालतं, 0.67 किंवा .66 चुकीचं धरलं जातं, कारण दिलेली जागा भरेपर्यंत अंक लिहायला हवेत. डॉलर, टक्का, हजाराचा स्वल्पविराम, काही टाकायचं नाही. उत्तर बरोबर असूनही गुण जाण्याची ही सगळ्यात फुकट जागा.

सरावाच्या साहित्याला पैकीच्या पैकी. ब्लूबुकमध्येच पूर्ण लांबीचे सराव पेपर फुकट आहेत, त्याच पडद्यावर, तसेच बदलत्या मॉड्यूलसह. खान अकॅडमीचा अभ्यासक्रम फुकट. कॉलेज बोर्डाची प्रश्नपेढीही फुकट, विषय आणि काठिण्यानुसार गाळून प्रश्न काढता येतात. एवढं असताना हजारो रुपयांची किंवा शेकडो डॉलरची पुस्तकं कशासाठी घ्यायची, हा प्रश्न रास्त आहे. बाहेरच्या पेपरांचा एक मोठा दोष असा, की त्यांना दुसऱ्या मॉड्यूलची रेषा माहीत नसते, त्यामुळे त्यांनी दिलेला स्कोअर हा अंदाजाचा अंदाज असतो. प्रश्न सोडवायला ठीक, स्कोअर मानायला नाही.

प्रश्नपेढीत मात्र एक खड्डा आहे. तिच्यातले काही प्रश्न ब्लूबुकच्या सराव पेपरांतही आहेत. आधी पेढीतले सोडवून मग सराव पेपर दिला, की ओळखीचे प्रश्न भेटतात आणि स्कोअर फुगतो. पेढीत चालू पेपरांतले प्रश्न वगळायचं एक बटण आहे, ते आधी लावायचं आणि मगच सराव सुरू करायचा. कागदावर छापायची पीडीएफही मिळते, पण ती एकाच सरळ क्रमाची, न बदलणारी; तिचा स्कोअर ब्लूबुकच्या स्कोअरशी ताडून बघू नये. पूर्ण पेपर मोजकेच आहेत, तेव्हा आठवड्याला एक असा धडाका लावून ते संपवू नका. एक पेपर, मग दोन-तीन आठवडे चुकांचं काम, मग पुढचा. चुकांची वही करताना ‘सिली मिस्टेक’ असा शिक्का मारून पुढे जाण्याची खोड असते. त्याऐवजी वाचण्यात चूक, नियम माहीत नव्हता, वेळ संपली, की टंकताना गडबड, यातलं नेमकं काय झालं ते लिहायचं. चौघांवरचे उपाय वेगळे आहेत.

आता तक्रारीची वस्तू. सराव पेपरचा निकाल प्रत्येक प्रश्न, तुमचं उत्तर, बरोबर उत्तर असा सगळा उघडा दाखवतो. खऱ्या परीक्षेचा रिपोर्ट हातचं राखून देतो. एकूण स्कोअर, दोन सेक्शनचे स्कोअर, पर्सेंटाइल, आणि आठ विषयगटांच्या आडव्या पट्ट्या, बस. कागदी परीक्षेच्या काळात ठरावीक तारखांचे प्रश्न आणि उत्तरं पैसे भरून मिळत, डिजिटलमध्ये ती सोय नाही. प्रश्न पुन्हा वापरायचे असल्यामुळे ते झाकून ठेवतात हे समजण्यासारखं आहे. पण ज्याने पैसे भरले त्याला ‘ॲडव्हान्स्ड मॅथ’ची पट्टी अर्धवट भरलेली दिसून काय कळणार? ती पट्टी मोजक्या प्रश्नांवर बेतलेली असते. तिच्यावरून पुढचा अभ्यास आखू नये, त्यासाठी सराव पेपरच धरायचे.

पर्सेंटाइल दोन छापलेले असतात. एक आहे अमेरिकेतल्या त्या वयोगटाच्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या प्रातिनिधिक नमुन्याशी तुलना करणारा, म्हणजे त्यात एसएटी न देणारेही आले. दुसरा प्रत्यक्ष एसएटी दिलेल्यांशी. पहिला नेहमी जरा सुखावणारा असतो. बघायचा तो दुसरा.

आणि आकड्याची रुंदी. रिपोर्टवर स्कोअरच्या आजूबाजूला एक पट्टा दिलेला असतो, एकूण स्कोअरला साधारण ४० वर आणि ४० खाली, सेक्शनला साधारण ३०. याचा अर्थ, काहीही नवीन न शिकता त्याच विद्यार्थ्याने पुढच्या महिन्यात पुन्हा परीक्षा दिली तर १४४० चे १४१० किंवा १४७० होणं अगदी स्वाभाविक आहे. घरोघरी १४४० आणि १४७० वरून जो आनंद आणि जो शोक होतो, तो बहुतांशी या पट्ट्याच्या आतला असतो. एवढ्या ढोबळ मापाला इतक्या बारीक कसोटीला लावणं हा मापाचा दोष नाही, वापरणाऱ्याचा आहे.

सुपरस्कोअर याच ढोबळपणावर चालतो. समजा पहिल्या वेळी रीडिंग ६८० आणि मॅथ ७६०, एकूण १४४०. दुसऱ्या वेळी ७३० आणि ७२०, एकूण १४५०. सुपरस्कोअर करणारं विद्यापीठ ७३० आणि ७६० उचलतं, म्हणजे १४९०. चाळीस गुण वाढले, पण त्यातली खरी प्रगती किती आणि वर उडालेला योगायोग किती, हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून सुपरस्कोअर करणाऱ्या विद्यापीठांसाठी दुसरी फेरी जवळजवळ नेहमी फायद्याची. तिसरी फेरी सरावातले स्कोअर खरोखर वर सरकले असतील तरच. चौथ्या फेरीत वेळ आणि फी जाते आणि वर्षाच्या गुणांवर परिणाम होतो, जे विद्यापीठं याहून बारकाईने बघतात.

हा आकडा विद्यापीठात गेल्यावर काय होतं, ते विद्यापीठागणिक वेगळं. २०२० साली करोनामुळे परीक्षा केंद्रं बंद पडली आणि बहुतेकांनी स्कोअर ऐच्छिक केला. त्यानंतर वाटा फुटल्या. एमआयटीने मार्च २०२२ मध्ये तो पुन्हा सक्तीचा केला. कारण असं दिलं, की ज्यांच्या शाळेत पुढच्या पातळीचं गणित शिकवलंच जात नाही, अशा विद्यार्थ्यांची तयारी ओळखायला स्कोअर मदत करतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये डार्टमथ परतलं. तिथल्या प्राध्यापकांच्या अभ्यासात दिसलं, की कमी साधनांच्या घरातले अर्जदार असे स्कोअर दडवत होते जे पाठवले असते तर त्यांच्याच फायद्याचे ठरले असते. त्याच महिन्यात येलने एसएटी, तिच्यासारखीच दुसरी प्रवेशपरीक्षा एसीटी, किंवा एपी आणि आयबी या शाळेतल्या वरच्या पातळीच्या अभ्यासक्रमांच्या परीक्षा, यांपैकी कुठलंही चालेल असा मधला मार्ग काढला. मार्चमध्ये ब्राउन आणि ऑस्टिनचं टेक्सास विद्यापीठ, एप्रिलमध्ये हार्वर्ड आणि कॅलटेक. कोलंबिया ऐच्छिकवरच राहिलं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाची गोष्ट उलटी. २०२० च्या सुरुवातीला त्यांच्याच प्राध्यापकांच्या समितीने सांगितलं, की पहिल्या वर्षाचे गुण वर्तवण्यात परीक्षेचे स्कोअर शाळेच्या गुणांपेक्षा सरस ठरतात. मे महिन्यात नियामक मंडळाने तरीही परीक्षा काढून टाकायचं ठरवलं. आज बर्कली किंवा लॉस एंजेलिसला १६०० पाठवला तरी प्रवेश ठरवताना तो बघितला जात नाही. ऐच्छिक आणि ‘बघतच नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यादी करताना लोक त्या एकाच रकान्यात टाकतात. धोरणं दरवर्षी हलतात, म्हणून अर्ज ज्या वर्षीचा, त्या वर्षीचं त्या विद्यापीठाचं स्वतःचं पान उघडून बघायचं.

स्कोअर ऐच्छिक असेल तर पाठवायचा की नाही? यासाठी कॉमन डेटा सेट नावाचा दस्तऐवज बहुतेक विद्यापीठं दरवर्षी प्रसिद्ध करतात. त्यातला सी७ तक्ता सांगतो, की स्कोअरला ‘अति महत्त्वाचा’ ते ‘विचारात घेत नाही’ यापैकी कुठली पायरी आहे. सी९ मध्ये दाखल झालेल्यांचे २५ वा आणि ७५ वा पर्सेंटाइल स्कोअर असतो, आणि किती टक्क्यांनी स्कोअर दिला तेही. हा शेवटचा आकडा वगळून वाचणारे फसतात. समजा सी९ मध्ये १४४० ते १५४० लिहिलंय आणि स्कोअर देणारे ४० टक्केच. म्हणजे कमी स्कोअरवाल्यांनी तो दडवलाय आणि पट्टा वर सरकलाय. अशा ठिकाणी १४२० हा वाटतो तितका वाईट नाही, विशेषतः शाळा साधी असेल आणि तिथला सरासरी स्कोअर बराच खाली असेल तर. डार्टमथच्या अभ्यासाचा मुद्दा नेमका हाच होता. आणखी एक बारीक चूक: दोन्ही सेक्शनचे २५ वे पर्सेंटाइल बेरीज करून एकूणचा २५ वा काढणं. रीडिंगमध्ये खालचे आणि मॅथमध्ये खालचे विद्यार्थी तेच असतील असं नाही. एकूणची ओळ वेगळी दिलेली असते, तीच बघायची.

पाठवण्याचा व्यवहार. नोंदणी केल्यापासून परीक्षेनंतरच्या ९ दिवसांपर्यंत चार विद्यापीठांना स्कोअर फुकट पाठवता येतो. निकाल साधारण दोन आठवड्यांनी येतो. म्हणजे फुकटची मुदत आकडा दिसण्याआधीच संपते. धंदा म्हणून चलाख, ग्राहक म्हणून वैताग. ज्या विद्यापीठांत स्कोअर सक्तीचा आहे आणि जिथे अर्ज नक्की आहे, तिथे फुकटचे वापरावेत. ऐच्छिक ठिकाणी आकडा बघूनच ठरवावं. खरं तर बऱ्याच विद्यापीठांना अर्जात स्वतः भरलेला स्कोअर पुरतो आणि अधिकृत रिपोर्ट प्रवेश मिळाल्यावरच लागतो, त्यामुळे हा खर्च पुष्कळदा टळतो. कुठल्या तारखेचा स्कोअर पाठवायचा हे आपण निवडू शकतो, पण जॉर्जटाउनसारखी काही विद्यापीठं सगळ्या तारखांचे मागतात. तिथे अर्ज करायचा असेल तर ‘एकदा सहज देऊन बघू’ म्हणून बिनतयारीचा पेपर देऊ नये. त्यासाठी ब्लूबुकचा सराव पेपर आहे.

एसीटीचा पर्याय दोन ओळींत: २०२५ पासून ती लहान झाली, सायन्स ऐच्छिक झालं, आणि मुख्य भाग १३१ प्रश्नांचा, १२५ मिनिटांचा आहे. इंग्रजीत ५० प्रश्नांना ३५ मिनिटं, म्हणजे एसएटीपेक्षा वेग कितीतरी जास्त, पण प्रश्न सरळ आणि मॉड्यूल बदलण्याची भानगड नाही. एसीटीचा ३४ म्हणजे एसएटीचा साधारण १५००. दोन्हींचा एकेक पूर्ण सराव पेपर वेळ लावून द्यायचा, तक्त्यावरून ताडायचं आणि ज्यात वर आहात ती धरायची. दोन्ही समांतर चालवायच्या नाहीत. सायन्स सोडण्यापूर्वी मात्र यादीतल्या प्रत्येक विद्यापीठाला ते लागतं का, ते बघून घ्या.